अम्मा जिथं गप्प होते

तन्वीनं आजीकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, दोघींचं काहीतरी बिनसलंय. आमच्या घरात ते नवीन नव्हतं. माझ्या सासूबाई आणि माझी बारा वर्षांची लेक, दोघी एका रिमोटवरून भांडणाऱ्या. आज अबोला, उद्या एकाच वाटीत चिवडा. मी काही मनावर घेतलं नाही.

मग ती आजीच्या खोलीवरून जाताना डोळ्यांवर हात धरून जायला लागली. आजीनं हाक मारली की भिंतीकडे तोंड करून इथल्या दखनीत नुसतं "हौ" म्हणायची. लहानपणापासून आजीच्या कुशीत झोपणारी ही पोरगी एके दिवशी उशी उचलून आमच्या खोलीत आली.

"मम्मी, आजपासून मी इकडंच."

"का गं?"

"असंच."

पोरं 'असंच' म्हणतात तेव्हा ते कधीच असंच नसतं, हे मला कळायला हवं होतं. पण ऑफिसातून विद्यानगरला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झालेला असतो. मी तिला जागा करून दिली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्या येतात ते माझ्या फोडणीत खोट काढायला. त्या दिवशी मात्र ओट्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "योगिनी, माझ्या अंगाला वास येतो का गं? म्हातारपणाचा?"

"काहीतरीच काय, आई."

"मग पोरगी का जवळ येईना? खरं सांग. मला राग नाही येत."

त्यांना राग येतो. सगळ्याचा येतो. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

कारण सापडलं ते बाल्कनीत. वाळलेले कपडे काढायला गेले तर वॉशिंग मशीनच्या मागं तन्वी टॅब घेऊन बसलेली. टॅबमध्ये कोणीतरी पोरगा कुजबुजत बोलत होता: "बावडीवाली अम्मा को पूरा सुना क्या? सुना तो घर में जो सबसे बडे हैं, उनकी आँख में देखना नक्को. तेरी आँख में से अम्मा को रस्ता दिखता." त्याच्या बोलण्यामागं एका बाईचं पुटपुटणं चालू होतं. खोल, ओलं, विहिरीच्या तळातून आल्यासारखं.

हातातले कपडे तसेच राहिले. तो आवाज मी ओळखला. तो मीच बनवला होता.

मी एका लहानशा गेम कंपनीत आवाज करते. लोकांना वाटतं गाणी करते. गाणी नाही, आवाज. दार करकरतं ते मी, पाऊल वाजतं ते मी. 'बावडी' नावाचा आमचा एक गेम आहे, फोनवर खेळायचा. हातात कंदील घेऊन जुन्या पायऱ्यांच्या बावडीत उतरायचं, एकेक मजला, एकेक कोडं. त्यातल्या दगडी पायऱ्यांचा आवाज म्हणजे माझा खलबत्ता. तळाशी एक भिंत आहे आणि भिंतीमागं कोणीतरी पुटपुटतं. बस्स, एवढंच. भिंत उघडत नाही, मागं काही नाही. गेम तिथं संपतो.

आमचा तेलुगू बॉस साईचरण नावाला मानाचं 'गारू' जोडून म्हणाला होता, "योगिनी गारू, कुछ बडबड होना. भाषा समझ में नहीं आना, पर डर लगना." काम लगेच हवं होतं, आणि माझ्या फोनमध्ये सासूबाई होत्या.

तन्वीच्या वाढदिवसाला त्यांनी तिची दृष्ट काढली होती आणि मी ती रेकॉर्ड केली होती, अशीच, सवयीनं. पाटावर पूर्वेला तोंड करून तन्वी, आजीच्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि गुंटूरच्या सुक्या मिरच्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पाप्याची, चांडाळाची, वाटेची, घाटाची, माझ्या तनूला लागली असेल ती जळून जावो." असं पुन्हा पुन्हा, डोक्यापासून पायापर्यंत मूठ ओवाळत. दृष्ट काढून झाल्यावर हात धुता धुता त्या मला म्हणाल्या होत्या, "सगळ्यांच्या मी काढते. माझी कोण काढणार? आपली आपल्याला काढता येत नाही."

"तुम्हाला कोणाची लागणार, आई? तुमचीच लागायची जगाला," मी म्हणाले होते. त्यांनी ओला हात माझ्या अंगावर झटकला होता.

ते रेकॉर्डिंग मी संथ केलं, त्याचा सूर खाली उतरवला, वर बावडीचा घुमारा चढवला. 'माझ्या' ओळखू येईनासा झाला, 'चांडाळ' विरघळला. मराठी माणसालाही ओळखू येणार नाही असा आवाज झाला. आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक फेऱ्यातून 'तनूला' कापून काढलं. माझ्या लेकीचं नाव परक्या लोकांच्या कानात कशाला? तेवढी जागा रिकामी राहिली. एक श्वासभर शांतता, मग पुन्हा पुटपुट.

आणि खरं सांगू? मला जरा बरंही वाटलं होतं. दृष्टीचे शब्द आहेत, गेमला कोणाची दृष्ट लागणार नाही. मी असलं काही मानत नाही. पण न मानणाऱ्यालाही फुकटात मिळालं तर कोण सोडतं?

गेम आला आणि लोक भिंतीला कान लावून बसले. कोणी आवाज उलटा वाजवला, त्याला त्यात खजिन्याचा पत्ता ऐकू आला. कोणी म्हणालं, ही गोवळकोंड्यापर्यंत जाणाऱ्या भुयाराची खूण आहे. आम्ही ऑफिसात चाहत्यांच्या ग्रुपवरचं हे वाचून हसायचो. सासूबाईंच्या तोंडात खजिना! पण हसण्यासारख्या गोष्टी मागं पडल्या आणि एकच टिकली, सगळ्यात वाईट. अम्मा मधेच गप्प का होते? तर तिथं ती नाव घेते. तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं. आपल्याला ऐकू येत नाही, बावडीला येतं. आणि मग बावडी त्या माणसाला ओढून नेते.

मी साईचरणकडे गेले होते. म्हटलं, एक ओळ लिहून टाकू या, की हे असं काही नाही. तो खुर्चीत मागं रेलला. "कुछ मत बोलो, गारू. लोगाँ डर रहे, मतलब लोगाँ खेल रहे." मी गप्प बसले. दुसऱ्यांची पोरं घाबरत होती ना.

आता माझी स्वतःची पोरगी वॉशिंग मशीनच्या मागं बसली होती.

मला राग आला. मला भीती वाटली की आधी रागच येतो. टॅब हिसकावून घेतला. "अक्कल गहाण ठेवलीस का? शाळेत जातेस ना? आवाजानं माणूस मरतं?"

"चौथ्या मजल्यावरच्या पोराची नानी गेली. त्यानं पूरा ऐकला होता."

"ती नव्वदीची होती, तन्वी!"

"हौ. म्हणजे घरात सबसे मोठी."

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि माझ्याकडे असलेला हुकमाचा पत्ता काढला. वाटलं, एका वाक्यात काम होईल. "ऐक. तो आवाज कुठल्या भुताचा नाही. तो तुझ्या आजीचा आहे. मी फोनवर घेतला आणि बदलून गेममध्ये घातला."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मला वाटलं होतं ती हसेल.

"आजीचा आवाज अम्माला दिला?"

"अगं अम्मा नाहीच आहे कोणी."

"ग्रुपमध्ये एक दीदी बोलली होती. अम्मा पहिले आवाज घेते, मग माणसाला घेते." ती माझ्यापासून मागं सरकली. "मम्मी, तूच दिलीस?"

त्या दिवसापासून ती माझ्याकडेही सरळ बघेना. भुताच्या गोष्टीला खुलासा घालणं म्हणजे चुलीत लाकूड घालणं, हे मला फार उशिरा कळलं. गिरीशला सांगितलं. माझा नवरा तारनाक्याच्या कॉलेजात कायदा शिकवतो. त्याच्या लेखी प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. "चार दिवसांत विसरेल," म्हणाला. "उगाच बाऊ करू नको."

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुमचे दृष्टीचे शब्द मी न विचारता बाजारात मांडले, आणि आता तुमची नात तुम्हाला घाबरते? देवापुढचा दिवा कोणी विडी पेटवायला वापरला तर त्यांना जसं वाटेल तसं वाटलं असतं. मी तोंड शिवून बसले आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं निदान केलं.

"पोरगी नजर चुकवते, जेवत नाही, सुकली. हिला दृष्ट लागली. दुसरं काही नाही."

शनिवारी दिवेलागणीला मी चहा टाकत होते. बैठकीत आजीनं पाट मांडल्याचा आवाज आला, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. तन्वी सोफ्यावर अभ्यास करत होती. आजी मागून आल्या. मूठ तिच्या डोक्यावर धरली आणि सुरू केलं, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..."

बदललेला आवाज ऐकून ऐकून पोरीच्या कानाला त्याची लय पाठ झाली होती. मूळ आवाजातही तिनं ती ओळखली. तिनं अशी किंकाळी फोडली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. आजीचा हात तिनं जोरात ढकलला. मीठ, मोहऱ्या सगळ्या फरशीवर उडाल्या.

"नक्को! बोलू नको! तू बोलू नको!"

आणि धावत जाऊन बाथरूममध्ये दार लावून घेतलं.

सासूबाई तशाच उभ्या होत्या, रिकामी मूठ पुढं धरून. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी काय केलं गं तिला?" मग खाली बसून एकेक मोहरी वेचायला लागल्या. मी म्हटलं राहू द्या, मी झाडून घेते. त्या ऐकेनात. दृष्टीच्या मोहऱ्यांना झाडू लावत नाहीत, म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसून मोहऱ्या वेचल्या आणि तरीही खरं सांगितलं नाही.

सकाळी त्या उठल्याच नाहीत. म्हणजे डोळे उघडे होते, पण उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही जागेवरून हलेनात.

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. लिफ्टचा आवाज आठवतो, कारण मला आवाजच आठवतात. डॉक्टरांनी सांगितलं, जिवावरचं टळलं, हातपाय येतील हळूहळू, वाचेचं मात्र सांगता येत नाही. गिरीश एकदाच बोलला, कॉरिडॉरमध्ये, माझ्याकडे न बघता. "बीपी होतं तिला. कोणामुळं काही झालेलं नाही." वकिली माणूस असं म्हणतो तेव्हा त्यानं मनात खटला चालवून झालेला असतो.

तन्वी दवाखान्यात आली नाही. शेजारच्या इंदुताईंकडे राहिली. रडली नाही, बोलली नाही. इंदुताई म्हणाल्या, सारखी एकच गोष्ट विचारते, "आजी आहे ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत कान झाकते.

मग मी एक मूर्खपणा केला. त्या गेमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर स्वतःच्या नावानं लिहिलं. मी या गेमची आवाज करणारी. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. ते शाप नाहीत, दृष्ट काढण्याचे शब्द आहेत, लेकराचं वाईट टळावं म्हणून म्हणतात. आणि शेवटी लिहिलं, सासूबाई सध्या दवाखान्यात आहेत, घरात एक मूल घाबरलंय, हात जोडते, हे थांबवा.

थांबवा? पहिल्या ओळी कोणी वाचल्याच नाहीत. 'सासूबाई दवाखान्यात आहेत' एवढं वाक्य कापून लोकांनी गावभर फिरवलं. आवाज दिला तीच बाई पडली! सबूत मिला! कोणी लिहिलं, कंपनीनं हिच्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतलंय. कोणी माझ्या सासूबाईंना श्रद्धांजली वाहिली. जिवंत माणसाला! साईचरणचा फोन आला. आधी ओरडला, विचारल्याशिवाय का लिहिलं म्हणून. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाला, डाउनलोड दुप्पट झालेत. मी फोन ठेवला. त्यानं परत करून सासूबाईंची चौकशी केली, "अत्तम्मा कैसे हैं?" तेवढी लाज त्याला होती.

सासूबाई घरी आल्या. त्यांची खाट आम्ही बैठकीत घातली, खिडकीजवळ, स्वयंपाकघर समोर दिसेल अशी. दिवसभर बोलणारी बाई. भाजीवाल्याशी तेलुगूत भांडणार, दूधवाल्याशी दखनीत, माझ्याशी शुद्ध मराठीत. आता तोंडातून नुसता 'आ' निघायचा, तोही अर्धा. तो निघाला की त्यांचे डोळे दाराकडे जायचे. तन्वी आतल्या खोलीत होती, कडी लावून. शाळेला जाताना जिन्याच्या बाजूच्या दारानं जायची.

आणि त्यांनी जेवण सोडलं. गुरगुट्या भात, वरणाचं पाणी, काही केलं तरी ओठ मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले होते, खाल्लं नाही तर परत भरती करून नळी घालावी लागेल. माणसांत ठेवा, बोलतं करा, जगायची इच्छा टिकवा. इच्छा काय मेडिकलच्या दुकानात मिळते? मी चमचा धरून बसायचे, त्या भिंतीकडे मान वळवायच्या. मी चिडायचे. "आई, माझ्यावरचा राग अन्नावर काढू नका!" त्या हळूच डोळे मिटायच्या. राग नव्हताच तो. त्यांना वाटत होतं, या घरात आपली भीती वाटते, आपण नको आहोत. मला ते स्वच्छ दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

रविवारी दुपारी मी तन्वीच्या दारासमोर फरशीवर बसले. समजावणं संपलं होतं. फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि दाराच्या फटीपाशी धरून लावलं.

"बंद कर!" आतून आवाज आला.

"शेवटपर्यंत ऐक. गेममध्ये नाही ते ऐक."

आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची. सासूबाईंचा धडधाकट, खणखणीत आवाज घरभर फिरला. बैठकीतून खाट करकरल्याचं ऐकू आलं. माझ्या तनूला लागली असेल ती जळून जावो. मग मिरच्या तव्यावर पडल्याचा चर्र आवाज, सगळ्यांचा खोकला, तन्वीचं खिदळणं. आणि आजी: "हस, हस. हसतच राहा. आईसारखी तोंड पाडून बसू नको." आणि त्यावर माझं चिडलेलं "आई!"

दाराची कडी निघाली. तन्वी फटीतून बघत होती, माझ्याकडे नाही, फोनकडे.

"परत लाव."

मी लावलं. तिनं तीन-चार वेळा लावायला लावलं. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली. खूप दिवसांनी मी तिचा चेहरा जवळून पाहिला. खरंच सुकली होती.

"मम्मी, गेममध्ये अम्मा बीचमें गप्प कायकू होते?"

"तिथं तुझं नाव होतं. मी कापलं."

"कायकू?"

"कोण कुठले लोक ऐकणार. तुझं नाव त्यांच्या कानात नको वाटलं."

तिनं विचार केला. तिचा विचार मला दिसत होता. भुवया जवळ येतात. "म्हणजे थिअरी बरोबर आहे. तिथं नावच आहे."

आता परत तेच! पण ती पुढं म्हणाली, "फक्त उलटी आहे. नाव घ्यायचं ते ओढून न्यायसाठी नाही. वाचवायसाठी. आणि ती जागा आता खाली आहे, रिकामी."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं कोणाचंही नाव घालता येतं." ती उठली. "आजी म्हणायची ना, तिची कोण काढणार?"

हे सगळं खोटं आहे असं म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी ते म्हणून पाहिलं होतं आणि त्यानं काय झालं ते बघत होते. मी उठून डबे काढले. मीठ, मोहऱ्या, मिरच्या तिच्या हातावर ठेवल्या. मूठ लहान पडत होती, दोन मिरच्या बाहेर डोकावत होत्या.

तिनं टॅब मागितला. मी म्हटलं, मूळ आवाजच लाव की, फोनवरचा. तिनं मान हलवली. "त्यात माझं नाव आहे. मला खाली जागा पाहिजे."

ती बैठकीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. टॅबवर बावडी उघडली होती. माझ्या खलबत्त्याच्या पायऱ्या वाजत होत्या, एकेक मजला खाली. तिनं एक पाऊल आत टाकलं आणि मागं घेतलं. मी पुढं होणार होते. गिरीशनं माझा दंड धरला. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पायऱ्यांच्या आवाजानं त्यांनी मान वळवली. तन्वी खाटेच्या पूर्वेला गेली, त्यांचं तोंड पूर्वेला येईल अशी गिरीशला उशी फिरवायला लावली, आणि टॅब पायाशी ठेवला. मग डोळे उघडे ठेवून आजीच्या डोळ्यांत बघितलं. सरळ, न चुकवता. तिनं श्वास रोखून धरला होता. मीही धरला होता. मी, जी हे काही मानत नाही, मनातल्या मनात म्हणत होते, आता काही होऊ देऊ नको, आत्ताच्या आत्ता तर मुळीच नको.

तळ आला. अम्मा पुटपुटायला लागली. तो आवाज त्या घरात, दुपारच्या उन्हात, सासूबाईंच्या समोर ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ऐकत होत्या. मग आठी गेली. मी इतकं बदललं होतं, तरी त्यांनी स्वतःला ओळखलं. डोळे माझ्याकडे वळले, एकदाच, आणि त्यात जे होतं ते मला अजून सांगता येत नाही. मग परत नातीकडे.

तन्वीची मूठ डोक्यापासून पायापर्यंत उतरत होती. वाटेची, घाटाची. माझ्या...

अम्मा गप्प झाली.

"आजीला," तन्वी म्हणाली. मोठ्यानं, पण आवाज फाटला.

लागली असेल ती जळून जावो, खालून बावडी म्हणाली.

पुन्हा फेरा, पुन्हा शांतता. "आजीला." तिसऱ्या फेऱ्याला तिचा आवाज ठाम झाला. सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. तन्वीनं ते पुसलं नाही. मधे थांबायचं नसतं, हे तिला आजीनंच शिकवलं होतं. फेरे संपले तेव्हा ती मागं न बघता स्वयंपाकघरात गेली. मी तवा तापवून ठेवला होता. तिनं मूठ उघडली.

गुंटूरची मिरची. दृष्ट असो नसो, घर डोक्यावर घेते. मोहऱ्या तडतडल्या, मिरच्या काळ्या पडल्या. आम्ही तिघंही ठसक्याची वाट बघत उभे राहिलो. ठसका आला नाही. वाससुद्धा नाही. सासूबाई म्हणायच्या, वास आला नाही तर समजायचं, दृष्ट मोठी होती आणि गेली.

"खिडकी उघडी असेल," गिरीश पुटपुटला.

मी खिडकीकडे बघितलं नाही.

हातपाय धुऊन तन्वी परत आली आणि खाटेवर आजीला खेटून बसली. सासूबाईंनी डावा हात उचलला, तिच्या तोंडावरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडकड वाजली. अलाबला दोन्ही हातांनी घ्यायची असते. त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. तो चादरीवर पडून होता. तन्वीनं तो दोन्ही हातांनी उचलला, स्वतःच्या गालावरून फिरवून आजीच्या कानशिलावर नेला आणि दाबला. काही वाजलं नाही. तिनं परत दाबला.

"मम्मी, भात आण," ती मागं न बघता म्हणाली. "आणि तोंड पाडून उभी राहू नको."

सासूबाईंच्या तोंडून 'आ' निघाला. या वेळी तोंड उघडंच राहिलं, चमच्याची वाट बघत.